बहिणीचं नाव कुठल्या रकान्यात?

संपत्तीच्या विषमतेवर बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात मुंबईतले टॉवर असणार. ते स्वाभाविक आहे. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आपल्या देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशातली सुमारे 40 टक्के संपत्ती आहे. वारसा म्हणून मिळणाऱ्या मालमत्तेवर आपल्याकडे 1953 पासून कर होता, तो 1985 मध्ये गेला. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पानं गेला. हे कर परत यावेत, निदान वारसा कर तरी यावा, असं माझं मत आहे. पण वारसा कराचं नाव काढलं की सर्वांत मोठ्यानं ओरडतो तो चार एकरवाला, ज्याला तो कधीच लागणार नसतो. असं का होतं, याचा विचार करता करता मी तलाठी कार्यालयात जाऊन पोचलो. आजचं बोलणं तिथलंच आहे.

आधी एक साधा फरक ध्यानात घेऊ. उत्पन्न म्हणजे विहिरीतून रोज शेंदलेलं पाणी आणि संपत्ती म्हणजे ती विहीर. 2024 मध्ये आपल्या सरकारनं लाडकी बहीण योजना आणली, महिना 1500 रुपये. मी त्या पैशांची टिंगल करणार नाही. ज्या बाईनं आयुष्यात स्वतःचं बँक खातं पाहिलं नव्हतं, तिला 1500 चा मेसेज येतो तेव्हा काय वाटतं हे मी पाहिलंय. पण ते शेंदलेलं पाणी झालं. विहीर भावाच्याच नावावर राहिली.

आता सातबारा उघडा. डाव्या बाजूला कब्जेदाराचा रकाना, उजवीकडे ‘इतर हक्क’. बाप वारला की वारस नोंद व्हायची. मुलांची नावं कब्जेदार म्हणून लागायची, आणि विधवेचं, मुलींचं नाव जायचं इतर हक्कात. तिथं शेजारी कोण? सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, शेजाऱ्याची पायवाट. म्हणजे बहीण हा जमिनीवरचा एक बोजा! हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, वहिवाटच तशी पडली होती. 

आणि त्या रकान्यावर बाकी सगळं उभं असतं. पीककर्ज, पीकविमा, गारपिटीची भरपाई, या सगळ्याला आधी सातबारा लागतो. शेतात खुरपं तिचं, निंदणी तिची, कापूस वेचणी तिची. पण 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिती खातेदारांमध्ये बायका निघाल्या जेमतेम 14 टक्के. बीडकडचे ऊसतोड मजूर पाहा. तिथं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि मुकादम उचल देतो ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. मोळी मात्र तिच्या डोक्यावर.

कायदा मागे नव्हता, हे मुद्दाम सांगतो. महाराष्ट्रानं 1994 मध्येच, म्हणजे केंद्राच्या 11 वर्षं आधी, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा दिला. त्यात एक मेख होती: कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती मेख काढली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, 2005 मध्ये बाप हयात होता की नव्हता हे बघायचं नाही. त्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. नवऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं आणि 1992 मध्ये सरकारनं त्याचं परिपत्रकही काढलं. वनहक्क कायद्यात तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असं कलमच आहे.

मग अडतं कुठं? हक्कसोडपत्रावर, म्हणजे बहीण आपला वाटा भावाला सोडून देते त्या कागदावर. माझ्या आत्याचा प्रसंग सांगतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर लिंबाखाली आम्ही बसलो होतो. वडिलांनी तिला आणायला गाडी पाठवली होती, एरवी ती एसटीनं यायची. अंगठ्याला शाई लागली ती तिनं पदराला पुसली. मग चहा झाला, आईनं तिची ओटी भरली, हिरवी साडी दिली. सव्वा एकर बागायत! मी तेव्हा कॉलेजात होतो, अर्थशास्त्र शिकत होतो, आणि मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. पुढं कधीतरी तिला विचारलं, का दिलीस गं सही? म्हणाली, “जमीन घेतली असती तर दिवाळीला कुठं आले असते?” 

माहेर तुटेल ही ती भीती. तिला वेड्यात काढू नका, तिचा हिशोब चोख होता. नवऱ्यानं टाकलं, तर भावाचं दार हाच तिचा विमा. त्याचा हप्ता तिनं जमिनीनं भरला, एकरकमी.

मागं एका गावात हेच बोललो, तर कार्यक्रमानंतर एक गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाले, “सर, पटतंय. पण बहिणीचं नाव लावलं, तर घरी बायको विचारेल, माझ्या माहेरच्या वाट्याचं काय?” 

मी म्हटलं, विचारू द्या की. तिलाही दोन भाऊ आहेत ना?

ते म्हणाले, “तिघं आहेत.” आणि घाईघाईनं गाडीला किक मारून निघून गेले.