पाच-सहा-अकरा : परत गेलेल्या मेलचा माग

(दृश्य : सड्यावरून दिसणारं मुरगाव बंदर, पाऊस, रांगेने चाललेल्या बार्ज)

जहाज धक्क्याला लागण्याआधी त्याचे कागद लागावे लागतात. वास्कोतल्या शिपिंग एजंटांकडे हे कागद आता मेलने येतात.

(दृश्य : ऑफिसचा जिना, त्याखाली सर्व्हर, बाजूला यूपीएस)

एका एजंटाच्या ऑफिसचा हा मेल सर्व्हर. लिनक्स, त्यावर पोस्टफिक्स हा मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम. मेलसेवा भाड्याने घेणं सोपं होतं, पण यांनी स्वतःचा सर्व्हर ठेवला. म्हणूनच लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून बघता येतो, नाहीतर तक्रार क्रमांक घेऊन बसावं लागलं असतं.

कागद पाठवणारी एक कंपनी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन या मेलसेवेवर आहे. तिथली माणसं हाताने लिहितात ते मेल इथे व्यवस्थित येतात. तिच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप निघणाऱ्या सूचना मात्र परत जातात. गंमत म्हणजे त्याच सूचना जीमेलला बिनबोभाट पोचतात.

(स्क्रीन : परत गेलेला मेल, आकड्यावर झूम)

अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो : एसपीएफ बघा (त्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, ती यादी), ब्लॅकलिस्ट बघा. बघायचं ते नंतर. आधी हा आकडा वाचा : ५५० ५.६.११. सुरुवातीचा पाच म्हणजे कायमचा नकार. तिथे चार असता तर पाठवणारा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, ग्रेलिस्टिंगमध्ये, म्हणजे अनोळखी सर्व्हरला आधी ‘नंतर या’ सांगतात तेव्हा, होतं तसं. मधला अंक दुखणं कुठे आहे ते सांगतो. एक असेल तर पत्ता, दोन असेल तर मेलबॉक्स, सात असेल तर सुरक्षा आणि धोरण. एसपीएफची भानगड बहुतेक वेळा या सातात सापडते. इथे सहा आहे. सहा म्हणजे मजकूर.

आणि नकार दिला कुणी? त्याच मेलमध्ये खाली ‘जनरेटिंग सर्व्हर’ लिहिलेलं असतं. तिथे नाव पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरचं. वास्कोच्या लॉगमध्ये ‘रिजेक्ट’ शोधलं तर एक ओळ सापडत नाही. मेल इथून नाकारला गेलेलाच नाही, तो तिथूनच सुटलेला नाही.

(स्क्रीन : हेक्स एडिटर, मूळ मेल)

मूळ मेल मागवला, तो ईएमएल फाइल झिप करून. फॉरवर्ड केला तर वाटेत ओळींची टोकं बदलतात आणि पुरावाच पुसला जातो. आता बघा : एसएमटीपीत, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या भाषेत, ओळ संपते ती सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) या दोन बाइटांनी, हेक्समध्ये ०डी ०ए. या मेलमध्ये बऱ्याच ओळी नुसत्या ०ए वर संपतात. ज्या प्रोग्रामने सूचना तयार केली, त्याने सीआर घातलाच नाही.

असा मजकूर एक्स्चेंज नेहमीच्या ‘डेटा’ आदेशाने पाठवत नाही. मेल घेणाऱ्या सर्व्हरला ‘बीडीएटी’ हा दुसरा आदेश कळत असेल तरच पाठवतो, कारण त्यात किती बाइट येणार ते आधीच सांगितलेलं असतं. आपल्याला बीडीएटी कळतं हे सर्व्हर ईएचएलओच्या, म्हणजे सुरुवातीच्या नमस्काराच्या, उत्तरात ‘चंकिंग’ लिहून जाहीर करतो. जीमेल ते लिहितो.

(स्क्रीन : टर्मिनल, पोर्ट २५, ईएचएलओचं उत्तर)

वास्कोचा सर्व्हर लिहीत नाही. पोस्टफिक्स जुना असावा ही पहिली शंका. पण पोस्टफिक्समध्ये बीडीएटी आलं ३.४ आवृत्तीत, २०१९ साली, आणि इथे ३.९ आहे. मग ‘पोस्टकॉन्फ -एन’ चालवून मुद्दाम बदललेल्या सेटिंग्ज काढल्या. ही बघा ओळ : ‘एसएमटीपीडी डिसकार्ड ईएचएलओ कीवर्ड्स’, आणि पुढे ‘चंकिंग’. म्हणजे ईएचएलओच्या उत्तरातून चंकिंग गाळा.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘एसएमटीपी स्मगलिंग’ची बातमी फुटली. ओळींची टोकं सर्व्हरागणिक वेगळी वाचली जातात, याचा फायदा घेऊन एका मेलच्या पोटात दुसरा मेल घुसवता येत होता. पोस्टफिक्सने तेव्हा सुचवलेल्या तात्पुरत्या उपायात ही ओळ होती. पक्का उपाय नंतर आला, ओळ मात्र तशीच राहिली.

ओळ काढली, पण संरक्षण कायम ठेवलं. नुसत्या एलएफवर संपणाऱ्या ओळींचं काय करायचं ते ठरवणारं ‘फॉरबिड बेअर न्यूलाइन’ हे सेटिंग ‘नॉर्मलाइझ’वर हवं. ‘रिजेक्ट’वर ठेवलंत तर बीडीएटीने आलेला असा मजकूरही नाकारला जाईल, मग एवढा खटाटोप फुकट. शेवटी पोस्टफिक्स रीलोड.

(दृश्य : फायरवॉलचा हिरवा दिवा, स्क्रीनवर ताऱ्यांची रांग)

ईएचएलओची हीच तपासणी बाहेरूनही करा, पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) उघडा असलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरून. स्वागताच्या ओळीत नुसते तारे आणि चंकिंगच्या जागी एक्स-एक्स-एक्स दिसले, तर मधली फायरवॉल एसएमटीपीत नाक खुपसते आहे. तिची एसएमटीपी तपासणी बंद करायची. या ऑफिसात तेही करावं लागलं.

(स्क्रीन : लॉग सरकतो, एक ओळ थांबते)

लॉगमध्ये आलेल्या आदेशांची मोजणी : मेल एक, आरसीपीटी एक, बीडीएटी एक, क्विट एक. सूचना आली. मधल्या काळात कागद व्हॉट्सॲपवर मागवले गेले, एका जहाजाचे उशिराच पोचले.

दोष मुळात पाठवणाऱ्या प्रोग्रामचा आहे, आणि तो अजून तसाच आहे. चंकिंग न लिहिणाऱ्या प्रत्येक सर्व्हरसाठी त्या सूचना परतच जाणार. हेक्सचा स्क्रीनशॉट, झिप फाइल आणि ‘ओळीच्या शेवटी सीआर-एलएफ घाला’ एवढी एक सूचना त्यांच्या आयटी विभागाला गेली आहे.