सुई आणि दोरा एकाच तारेत

(कोल्हापुरात टूलरूममध्ये काम शिकणाऱ्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येताना प्रत्येकाच्या हातात 10 नंबरचा एक स्टेपलर दिलाय. तो लगेच उघडू नका. आधी आपल्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, एक चक्कर मारून येऊ.

कोल्हापुरी चप्पल शिवणारा कारागीर काय करतो बघा. आरीनं तळाला भोक पाडतो, मग त्यातून चामड्याची वादी ओवून आवळून घेतो. खिळा कुठंच नाही. आरी कडक, वादी मऊ. आरी वाकली तर काम थांबलं, वादी वाकली नाही तर टाका बसायचा नाही. दोघींचे गुण एकदम उलटे, म्हणून भोसकायचं काम एकीकडं आणि धरून ठेवायचं काम दुसरीकडं.

स्टेपलरच्या पिनेला ही दोन्ही कामं एकटीनं करायची असतात. कागदात शिरताना ती आरीसारखी ताठ हवी आणि पलीकडं निघाल्या क्षणी वादीसारखी वळली पाहिजे. तार किती जाड? साधारण अर्धा मिलिमीटर. पाय 5 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा तारेत दोन स्वभाव भरता येत नाहीत. मग ताठपणा तिला उसना द्यावा लागतो आणि वेळ झाली की काढून घ्यावा लागतो. स्टेपलर हे उसनवारीचं यंत्र आहे. आयुष्यभर पंच आणि डाय, म्हणजे प्रेसमधला वरून ठोकणारा भाग आणि त्याखालचा साचा, करत आलोय, पण या एवढ्याशा वस्तूबद्दल मला जो आदर वाटतो तो मोठ्या प्रेसबद्दलही क्वचितच वाटला.

आता उघडा. पिना जिथून बाहेर पडतात त्या तोंडाशी बघा, दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या भिंती आहेत. पिनेचे दोन्ही पाय त्यांना घासून खाली येतात. बारीक उभी काठी वरून दाबली की ती मधे फुगते आणि मोडते. ऑयलर या गणितज्ञानं या मोडण्याचं गणित अठराव्या शतकात मांडलं. काठीची आधाराविना लांबी दुप्पट झाली की ती चौपट कमी भार घेते. जाडीचा हिशेब त्याहून कडक आहे, तिथं चौथा घात लागतो. म्हणजे तार 0.5 ऐवजी 0.6 मिलिमीटर घेतली तर ताकद जवळजवळ दुप्पट होते. पण तार जाड केली की भोक मोठं आणि वळवायला जोरही जास्त. म्हणून तार बारीकच ठेवली आणि आधार भिंतींनी दिला. पाय जेवढा भिंतीबाहेर उघडा, तेवढीच त्याची मोडायची लांबी. या भिंती थोड्या फाकल्या तरी पिन कागदावरच दुमडून बसते, आणि आपण दोष देतो पिनेला.

भिंतींच्या मधून उतरणारी पट्टी म्हणजे आपला पंच. तिची जाडी बोटाच्या नखावर धरून बघा, जवळजवळ एका तारेएवढीच आहे. एका वेळी एकच पिन तोडायची, दुसरीला स्पर्शही करायचा नाही. मागून स्प्रिंग पुढं ढकलतच असते, त्यामुळं पंचाची खालची कड चौकोनी आणि धारदार राहिलीच पाहिजे. उमेदीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाला अशा पट्ट्यांचा लॉट करून दिला होता. पाणी देताना टेम्परिंग, म्हणजे कडक झालेलं पोलाद परत तापवून थोडं नरम करणं, जास्त झालं, पट्टी मऊ राहिली. चार-सहा महिन्यांत कड गोल झाली. गोल कड दोन पिनांच्या मधे शिरते, पुढचीलाही थोडी ओढते, आणि तोंडात दोघी अडकतात. सगळा माल परत आला. चूक माझी होती. तेव्हापासून कडेला भिंग लावल्याशिवाय मी कुठलाही पंच हातावेगळा करत नाही.

पिनांची पट्टी तुम्ही बोटानं मोडता तेव्हा काय तुटतं? लोखंड नाही, सरस तुटतो. तारा शेजारी शेजारी मांडून, सरसानं चिकटवून, पत्र्यासारखी पट्टी करतात आणि मग प्रेसवर तिला यू आकार देतात. अमेरिकेत जॉर्ज मॅकगिलनं 1879 मध्ये पेटंट घेतलेल्या प्रेसमध्ये एका वेळी एकच पिन भरावी लागे. पुढं हॉचकिस कंपनीच्या यंत्रात पिनांची सलग पट्टी आली, पण ती धातूनंच जोडलेली होती. दर ठोक्याला लोखंड कापायचं, म्हणजे हातात बळ हवं. सरस आला आणि तो जोर वाचला. जपानमध्ये स्टेपलरला आजही होचकिसच म्हणतात.

बाजारात 24/6 लिहिलेली डबी मिळते. पहिला आकडा तारेचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर, दुसरा पायाची लांबी मिलिमीटरमध्ये. गेज वाढला की तार बारीक, म्हणून 26/6 ही 24/6 पेक्षा नाजूक. 10 नंबर या हिशेबात बसत नाही, ते नुसतं मापाचं नाव आहे.

आता खालची ऐरण. दोन छोट्या वळणदार खाचा. पाय कागदातून खाली आला की खाचेच्या उतारावर आदळतो आणि घसरत आत वळतो. इथं भिंत नाही, आधार नाही, उसना ताठपणा संपला. मोठ्या स्टेपलरमध्ये ही ऐरण फिरवता येते. फिरवली की पाय बाहेर वळतात आणि पिन टाचणीसारखी ओढून काढता येते. तात्पुरत्या कागदांसाठी केलेली ही सोय वर्षानुवर्षं टेबलावर असूनही बहुतेकांना माहीत नसते.

दाबायचं कुठं, तेही सांगतो. बिजागरी मागच्या टोकाला आहे. पुढं, पंचाच्या बरोबर वर दाबा. मधोमध दाबलं तर जवळजवळ दुप्पट जोर लागतो.

मग सोफ्याचं कापड ठोकायची टॅकर गन घ्या. तिथं ऐरणच नाही. पाय लाकडात सरळ जायचे आणि तंतूंनी ते आवळून धरायचे. हळू दाबून लाकडात तार शिरत नाही, धक्का लागतो. म्हणून मूठ दाबताना जाड स्प्रिंग आवळत जाते, एका जागी टेकू निसटतो, आणि साठवलेली सगळी ताकद एका फटक्यात पिनेवर पडते. फटक्याला उलट झटका असतोच. गनचं तोंड वर उडालं की पिन अर्धवट बाहेर राहते. जुन्या रचनेत मुठीची बिजागरी पुढं असते, दाबताना हाताचा जोर तोंडापासून दूर पडतो. कारागीर दुसऱ्या हाताच्या तळव्यानं तोंड दाबून धरतात, ते बरोबरच आहे. बिजागरी मागं नेली तर मूठ दाबणारा हातच तोंडावर येतो. नवी गन घेताना एवढं बघून घ्या. आणि पिन लाकडाच्या रेषांना तिरकी मारा. दोन्ही पाय एकाच रेषेत गेले तर फळी तिथंच चिरते.

शेवटी एक विनंती. 2019 च्या महापुरात माझ्या घरातले कागद भिजले. ते वाळवले तेव्हा कळलं की पिनांवरचा जस्ताचा पातळ मुलामा कधीच संपला होता. गंज कागदात उतरला आणि वडिलांच्या हातच्या ड्रॉइंगवर दोन तपकिरी भोकं राहिली. पिन घाईनं पुढून ओढली, तेव्हा कोपराही फाटला. म्हणून जुना कागद हातात आला की तो आधी उलटा करा, पातळ पट्टीनं मागचे दोन्ही पाय एकेक करून उभे करा, आणि मग पुढून पिन सरळ वर काढा.