नियम पाळायला आठवण लागते

नमस्कार मंडळी.

साथीच्या काळात डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झालेल्या माणसाला कसं सांभाळायचं, हा आजचा विषय ठरला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी शंका काढली होती, की साथ तर संपली, आता हे ऐकायला कोण येणार? शंका रास्त होती. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचं म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण जगात साडेपाच कोटींहून जास्त माणसांना डिमेन्शिया आहे. त्यांना सांभाळणारी घरं त्या काळात काय काय शिकली, हे नीट सांगून ठेवलं नाही तर पुढच्या साथीत प्रत्येक घराला पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागेल. म्हणून मी हा विषय धरून ठेवला.

साथीत आपल्याला काय सांगितलं जात होतं ते बघा. मास्क लावा, हात धुवा, अंतर ठेवा, बाहेर पडू नका, लक्षणं दिसली तर कळवा. सूचना साध्याच होत्या. पण सांगितलेलं ऐकणाऱ्याच्या लक्षात राहील, हे प्रत्येकीत गृहीत धरलेलं होतं. बाहेर आजार आहे हे लक्षात राहायला हवं, आत्ता दाराची कडी हाताळली हे लक्षात राहायला हवं, कालपेक्षा आज बरं वाटत नाही हेही लक्षात यायला हवं. डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्क्यांना अल्झायमर असतो. त्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग फार लवकर झिजू लागतो, आणि नवी गोष्ट मनात टिकवण्याचं काम नेमकं तिथलंच. त्यामुळे शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसायचं ते आई बिनचूक सांगते आणि बाहेर साथ आहे हे दहा मिनिटांत विसरते. ती हट्ट करत नसते. तिच्यापुरतं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

एवढं कळलं की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं. नियम आईनं पाळायचा नाही, घरानं पाळायचा.

हात धुण्याचंच घ्या. ‘आई, हात धुऊन ये’ हे आपल्याला एक काम वाटतं. तिच्यासाठी ती चार-पाच कामं असतात. बोललेलं समजायचं, उठायचं, बेसिनपाशी जायचं, तिथे कशाला आलो ते लक्षात ठेवायचं आणि मग हात धुवायचे. ती बेसिनपाशी पोचते आणि आरशात बघत उभी राहते. इकडून आपण ओरडतो, ‘धुतलेस का?’ ती म्हणते, ‘हो.’ खोटं बोलत नाही ती. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, एवढं तिला अजून माहीत असतं. त्याऐवजी सोबत जा. नळ तुम्ही सोडा, साबण आधी आपल्या हाताला लावा आणि मग तिचे हात आपल्या हातात घ्या. बहुतेक वेळा काही न सांगता तिचे हात एकमेकांवर फिरू लागतात. अंगवळणी पडलेल्या हालचालींची आठवण मेंदूत वेगळ्या जागी असते आणि ती पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. सूचना विसरतात, हात विसरत नाहीत. वेळ मोजायला तिच्या आवडीच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणा. घड्याळापेक्षा ते बरं.

मास्कच्या बाबतीत दोन्हीकडून पंचाईत. ती लावणार नाही, लावला तर काढून उशीखाली ठेवणार, हे झालं एक. पण आपण लावला की तिच्या लेखी आपण अनोळखी होतो, याचा त्रास मोठा. चेहरा ओळखणं आधीच डळमळीत झालेलं असतं. त्यातून अर्धा चेहरा झाकला, ओठ दिसेनासे झाले आणि आवाज दबला, की तिच्या हाती उरतं काय? कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात, तोही आधार जातो. म्हणून दारातच, लांब उभं राहून, मास्क खाली करून आधी चेहरा दाखवा, नाव सांगा, नातं सांगा, मग मास्क चढवून जवळ जा. आणखी एक बारीकशी गोष्ट. कानाचं यंत्र मास्कच्या दोरीत अडकतं आणि मास्क काढताना त्याबरोबर पडतं. हे अनेक घरांत झालंय. बाबा दोन दिवस गप्प गप्प आहेत म्हणून सगळे काळजीत, आणि यंत्र केराच्या टोपलीत. दोरी कानाऐवजी डोक्यामागे बांधायचा मास्क घेतला तर हे टळतं.

आता दाराकडे येऊ. माझ्या ओळखीच्या एका घरी वडील निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. टाळेबंदीत मात्र रोज सकाळी ते कपडे करून दाराशी, ‘उशीर होतोय, ऑफिसला निघतो.’ मुलगा समजावून सांगायचा, ऑफिस बंद आहे, तुम्ही निवृत्त झालात, बाहेर साथ आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या, आणि तिन्हींनी त्यांचा राग वाढायचा. त्यांची नोकरी आणि ओळख मुलगा एका वाक्यात काढून घेत होता ना! मग सुनेनं जुन्या पावत्या आणि कोरे कागद एका टेबलावर मांडले आणि म्हणाली, ‘बाबा, आज काम इथेच पाठवलंय, तारखेप्रमाणे लावून द्यायचंय.’ ते बसले, कागद लावले, खालच्या कोपऱ्यात सह्या केल्या. संध्याकाळी तिनं तेच कागद विस्कटून दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवले. काही मंडळींना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. त्यांना ऑफिस नको होतं, आपल्यावाचून काहीतरी अडतंय ही भावना हवी होती, आणि ती त्यांना मिळाली.

बातम्यांचं मात्र मी सरळ सांगते. टीव्ही बंद करा. आपण मृतांचा आकडा एकदा ऐकतो आणि सरावतो. तिला तो दर वेळी पहिल्यांदा ऐकू येतो. वर एक मेख आहे. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिलं ते बहुतेकांना धड आठवेना, पण दुःख मनात रेंगाळत राहिलं, आनंदही राहिला. कारण पुसलं गेलं, तरी भावना शिल्लक. दुपारी पाहिलेल्या बातमीची बेचैनी संध्याकाळी बाहेर येते. घर म्हणतं, ‘उगाचच चिडचिड करतेय.’ उगाच नसते ती. आणि हेच उलट बाजूनंही लागू आहे. तुम्ही अर्धा तास तिच्याशी हसत बोललात आणि तुम्ही गेल्यावर ‘कुणी आलंच नाही’ असं ती म्हणाली, तरी तो अर्धा तास वाया गेलेला नसतो.

इथवरचं सगळं आजार दाराबाहेर ठेवण्याबद्दल झालं. तो आत आला तर ओळखायचा कसा, हे आज मला सगळ्यात तळमळीनं सांगायचंय.

घसा दुखतोय, वास येत नाही, अंग मोडून आलंय, हे सांगायला स्वतःच्या शरीराकडे लक्ष लागतं आणि शब्द लागतात. डिमेन्शियात दोन्ही कमी पडतात. वर म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असंही नाही. अमेरिकेतल्या सात इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या, पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्या ८१७ कोविड रुग्णांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या २८ टक्क्यांना डिलिरियम होता, म्हणजे अचानक आलेला भ्रम. आणि त्या भ्रम झालेल्यांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखं नेहमीचं एकही लक्षण नव्हतं. आजार फक्त वागण्यातून बोलत होता.

आता डिमेन्शिया असलेल्या घरात हे कसं निसटतं बघा. आई काल बोलत होती, आज बोलत नाही. घर म्हणतं, ‘विसरण्याचा आजार वाढला.’ नाही मंडळी. डिमेन्शिया महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो. कालच्या रात्रीत आणि आजच्या सकाळीत फरक पडला, तर तो डिमेन्शिया नाही असंच धरून चाला आणि कारण शोधा. संसर्ग, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, पोट साफ नसणं, नवं औषध, काहीही असू शकतं. डिलिरियम दिवसातून चार रंग बदलतो, सकाळी बरी, दुपारी भ्रमात, रात्री भिंतीवर माणसं दिसतात. आरडाओरडा करणारा रुग्ण निदान लक्षात येतो. खरा धोका गुंगीत जाणाऱ्याचा. ‘आज शांत झोपलीये, त्रास नाही दिला’ असं सांगणाऱ्या फोननं माझ्या पोटात गोळा येतो. हाक मारल्यावर डोळे उघडते का, घोट गिळते का, हे लगेच बघायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. त्यांना ‘जास्त विसरते’ असं सांगू नका, ‘काल रात्री आठपर्यंत अशी होती, आज सकाळपासून अशी आहे’ असं सांगा.

ऑक्सिमीटर त्या काळात घरोघरी आला. बोटाला चिमटा लागला की ती तो ओढून काढते. तिचा हात हातात घेऊन गप्पा मारत लावा, किंवा झोपेत. बोट गार असेल तर आकडा चुकतो, आधी हात चोळून ऊब आणा. नेलपॉलिश असेल तर ते काढा.

इस्पितळात न्यायची वेळ आली, की सगळ्यात कठीण भाग सुरू होतो. दाखल करताना नातेवाइकांना फाटकावर थांबवलं. संसर्ग रोखायला ते गरजेचं वाटलं, आणि सुरुवातीच्या गोंधळात मी कुणाला दोष देणार नाही. पण आत काय झालं? अनोळखी खोली, नखशिखान्त झाकलेली माणसं, रात्रंदिवस दिवे आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो कशासाठी आहे हे दर दोन मिनिटांनी सांगणारं कुणी नाही, म्हणून ती तो काढणार. काढला म्हणून हात बांधणार, हात बांधले म्हणून ती आणखी झगडणार, झगडली म्हणून गुंगीचं औषध. अशा औषधांतली अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात भास-भ्रमासारख्या मनोविकारांवरची, औषधं डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५मध्येच छापायला लावला होता. लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर ती फारच सांभाळून द्यावी लागतात. तरीही इंग्लंडमध्ये २०२०च्या पहिल्या काही महिन्यांत डिमेन्शियाच्या रुग्णांना ती देण्याचं प्रमाण आधीपेक्षा वाढल्याचं नोंदींतून दिसलं. का, हे वेगळं सांगायला नको. माणूस कमी पडला की गोळी पुढे येते.

माझा मुद्दा एवढाच, की मुलगी तिथे भेटायला येत नसते. ‘आई, हे राहू दे, यानं बरं वाटेल’ हे शंभराव्यांदा तितक्याच शांतपणे सांगणं हा उपचाराचा भाग आहे. ऑक्सिजन नाकापाशी टिकून राहतो तो त्यामुळे. सलाइन लावणाऱ्या नर्सला आपण भेटीची वेळ विचारत नाही, मग हिला का? ब्रिटनमध्ये ‘जॉन्स कॅम्पेन’ नावाची मोहीम २०१४पासून हेच मागत होती, की डिमेन्शियाच्या रुग्णाजवळ त्याच्या घरच्या माणसाला राहू द्या. साथीत त्यांना ती लढाई नव्यानं लढावी लागली. नेदरलँड्सनं २० मार्च २०२० रोजी शुश्रूषागृहं भेटीसाठी पूर्ण बंद केली आणि ११ मेपासून २६ ठिकाणी प्रायोगिक तत्त्वावर दार किलकिलं केलं. एका रहिवाशामागे एकच माणूस, ठरलेली पथ्यं पाळून. पहिल्या आठवड्यांच्या पाहणीत त्या ठिकाणी नवे संसर्ग आढळले नाहीत आणि रहिवाशांची मनःस्थिती सुधारलेली दिसली. म्हणजे दार सताड उघडं आणि दार कडेकोट बंद, यांच्यामध्ये पुष्कळ काही करता येतं.

जिथे आत जाऊच देत नाहीत, तिथे एक पान आत जाऊ द्या. औषधांची यादी असतेच, ती त्यात आहेच. पण कोणत्या नावानं हाक मारली की ती वळून बघते, कोणत्या कानानं ऐकू येतं, चष्मा कधी लागतो, लघवीला जायचं असलं की काय करते (बहुतेकांची एखादी खूण असते, कुणी पदराशी चाळा करतं, कुणी उठून दार शोधतं), कशानं घाबरते, कशानं निवते, हे मोठ्या अक्षरांत लिहा. वर तिचा तरुणपणीचा फोटो चिकटवा. आत काम करणाऱ्या मुलामुलींना समोरची बाई कोण होती ते कळतं, आणि हात थोडा हळू पडतो. व्हिडिओ कॉलचा आग्रह मात्र नको. डब्यातून आपल्या मुलाचा आवाज येतोय आणि तो समोर नाही, यानं काहींचा गोंधळच उडतो. त्यांना कानाशी नुसता आवाज पुरतो.

आणि सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठीही असंच एक पान लिहावं, कारण साथीत तोही आजारी पडतो. तुम्हाला उद्या विलगीकरणात जावं लागलं तर तिच्याजवळ कोण, तिची औषधं कुठे, रात्री ती कशी झोपते, हे फक्त तुमच्या डोक्यात असून भागणार नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आधीच आलाय, तो घेते आणि थांबते. साथीत आई गेली, बाबा अजून रोज विचारतात, ती कुठे आहे, काय सांगायचं? पहिल्यांदा खरं सांगा, जवळ बसून, रडायचं असेल तर रडू द्या. तो त्यांचा हक्क आहे. त्यानंतर रोज रोज नको. रोज सांगितलं तर ते रोज नव्यानं विधुर होतील. ‘आठवण येतेय का तिची?’ असं विचारा आणि ते तिच्याबद्दल जे बोलतील ते ऐका. कधी ते स्वतःच म्हणतील, ‘गेली ना ती?’ तेव्हा हो म्हणा.