कापसाच्या गाठी आणि विजेची गिटार

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनपासून सुरुवात करतो. इंग्लंडमधलं मँचेस्टर शहर, स्टेशनाचं नाव विल्ब्रॅहम रोड. १९५८ पासून तिथे प्रवासी गाडी थांबत नव्हती. १९६४ च्या मे महिन्यात ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या मंडळींनी गाण्याच्या एका कार्यक्रमासाठी त्या स्टेशनाचं रूपच पालटलं. एका फलाटावर कापसाच्या गाठी, लाकडी खोकी, कोंबड्या, आणि हो, एक बकरीसुद्धा! अमेरिकेच्या दक्षिणेतलं एखादं आडगावचं स्टेशन वाटावं म्हणून हा सगळा थाट. समोरच्या फलाटावर प्रेक्षक, मध्ये रूळ. आणि त्या बकरीच्या शेजारी गाणार कोण, तर मडी वॉटर्स, सिस्टर रोझेटा थार्प, सॉनी टेरी, ब्राउनी मॅगी. अमेरिकेतल्या काळ्या गायक-वादकांमधली एकाहून एक नावं.

ही बकरी कुणाच्या डोक्यातून निघाली, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

महायुद्ध संपलं तेव्हा युरोपातल्या जॅझवेड्या तरुणांनी ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं संगीत, ऐकलं होतं ते बहुतेक तबकड्यांवर. गाणारी माणसं फारशी कुणी पाहिली नव्हती. १९५१ साली बिग बिल ब्रून्झी आला. शिकागोत हा गृहस्थ सुटाबुटात, साथीदारांचा ताफा घेऊन गाणारा. युरोपात मात्र त्याची जाहिरात झाली ती मिसिसिपीच्या मातीतल्या शेवटच्या गवयांपैकी एक म्हणून. बिलनं ओळखलं, गिऱ्हाइकाला काय हवंय ते. साधी गिटार घेऊन एकटाच बसला, जुनी गाणी म्हटली, गावाकडच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या. लोक खूश! त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. १९५० च्या सुमाराला हाच माणूस आयोवातल्या एका कॉलेजात झाडलोट करून पोट भरत होता.

मग १९५८ च्या ऑक्टोबरात आला मडी वॉटर्स, सोबत पियानोवर ओटिस स्पॅन. मडी खरोखरच मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबलेला. पण १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, आणि तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार कुणाला ऐकू जाणार? म्हणून त्यानं विजेची गिटार धरली होती. इंग्लंडमधल्या लीड्सला त्यानं ती नेहमीसारखी दणक्यात वाजवली. बिलच्या शांत बैठकीला सरावलेले कान बिथरले. गिटार किंचाळते, पियानो आक्रोश करतो, असं वृत्तपत्रांनी छापलं. बिचाऱ्यानं पुढच्या कार्यक्रमांत आवाज कमी केला.

गंमत तर पुढेच आहे. १९६३ साली मडी परत आला, या वेळी शहाणा होऊन. साधी गिटार घेतली, जुनी गाणी काढली. आणि आता समोरची पोरं हिरमुसली! त्यांना हवी होती तीच किंचाळणारी गिटार. माणसानं करायचं तरी काय?

मधल्या पाच वर्षांत हवा फिरली होती. १९६२ पासून हॉर्स्ट लिपमान आणि फ्रिट्झ राउ हे दोन जर्मन आयोजक ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’ नावानं दरवर्षी कलाकारांचा जथा युरोपभर फिरवू लागले. शिकागोहून माणसं जमवायला विली डिक्सन या ब्लूज संगीतकाराची मदत. पहिल्याच वर्षी टी-बोन वॉकर, जॉन ली हूकर, मेम्फिस स्लिम. नावात ‘फोक’, म्हणजे लोकसंगीत, आणि टी-बोनच्या हातात विजेची गिटार! त्या ऑक्टोबरात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला कार्यक्रम ऐकायला लंडनहून काही पोरं आली होती. त्यांत पुढे गाजलेले रॉक कलाकार मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स आणि जिमी पेज होते. यातल्या पहिल्या तिघांच्या बँडचं नाव, रोलिंग स्टोन्स, हे मडीच्याच एका गाण्यावरून घेतलेलं.

काहीजण तर परत गेलेच नाहीत. मेम्फिस स्लिम पॅरिसला राहिला. चॅम्पियन जॅक डुप्री, एके काळचा मुष्टियोद्धा, इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सला संसार थाटून बसला. मायदेशात, दक्षिणेत, काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती. त्याविरुद्धच्या नागरी हक्क कायद्यावर सही झाली ती २ जुलै १९६४ ला. युरोपात निदान लोक दार उघडून आत घेत होते. मग भले स्वागताला बकरी बांधोत.

तर चला, पुन्हा त्या फलाटावर. तारीख ७ मे. मँचेस्टरच ते, पाऊस आलाच. घोडागाडीतून सिस्टर रोझेटा उतरली. अंगात झकास कोट, पायात उंच टाचांचे बूट. खरं तर ही भक्तिगीतं गाणारी बाई, ब्लूजवाली नव्हेच. तिचं जन्मगाव आर्कन्सॉमधलं, आणि गावाचं नाव काय, तर कॉटन प्लँट, कापसाचं झाड! खऱ्या कापसाच्या गावची बाई देखाव्यातल्या गाठींसमोर उभी राहिली. गळ्यात पांढरी विजेची गिटार. सुरुवातीलाच तिनं गाणं घेतलं, ‘डिडन्ट इट रेन’, बायबलमधल्या नोहाच्या प्रलयातल्या पावसाचं. ओल्या फलाटावर तिची गिटार कडाडली, आणि रुळांपलीकडची गोरी पोरं टाळ्यांचा ठेका धरून बसली.