अमेरिकेचा गहू आपल्याला कितीला पडला?

नमस्कार मंडळी! हे ओळखा बरं. (गवत कॅमेऱ्याजवळ) गाजर गवत. पिशवीतून धरलंय, कारण हात लागला की मला पुरळ उठतं. घरातली जुनी माणसं सांगतात, हे अमेरिकेच्या गव्हातून आलं. पण पुण्यात त्याची नोंद 1955-56च्या सुमारासची, आणि पीएल-480चा, म्हणजे ज्या अमेरिकन कायद्याखाली तिकडचं जादा धान्य आपल्याला मिळायचं त्याचा, पहिला करार ऑगस्ट 1956चा. हिशेब जुळत नाही. अर्थात 1951मध्येही कर्जावर अमेरिकन गहू आला होता, त्यामुळे गव्हाला अगदी निर्दोषही सोडवत नाही!

असो. गवत राहू दे, गव्हाचं बोलू.

तो गहू फुकट नव्हता. तिकडे गोदामं भरून वाहत होती, इकडे डॉलरची चणचण. मग ठरलं, पैसे रुपयांत द्या. 1960मध्ये आपले अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील, वॉशिंग्टनला जाऊन चार वर्षांसाठी 1 कोटी 60 लाख टन गहू ठरवून आले.

शहरात रेशनवर स्वस्त गहू मिळू लागला. पण शेतकऱ्याचं गिऱ्हाईकच तिकडे वळलं, तर त्याला भाव कोण देणार? आणि भाव नाही, तर विहिरीत, खतात पैसा कोण घालणार? अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1960मध्येच हा धोका सांगितला होता. काही अभ्यासक म्हणतात, रेशनचा बराच माल गरिबांनी खाल्ला, ज्यांना बाजारभाव परवडतच नव्हता; म्हणून भाव वाटतो तितका पडला नाही. पटतं. मला खरा तोटा वेगळा वाटतो: सरकार निवांत झालं. बंदराला बोट लागतेय ना, मग शेतीचं बघू सावकाश!

1965मध्ये पावसानं दगा दिला आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गहू थोडा-थोडा, हात आखडून सोडू लागले. 1966मध्ये 1 कोटी टनांवर धान्य बाहेरून आणावं लागलं. तेव्हा कुठे धावपळ झाली. त्याच वर्षी मेक्सिकोहून जास्त पीक देणाऱ्या गव्हाचं 18,000 टन बियाणं आलं, आणि 1968ला गव्हाचं पीक दीड कोटी टनांच्या पुढे गेलं.

आणि ते रुपये? अमेरिकेच्या नावावर इथंच साचले. रुपया तिकडे चालणार कुठे? त्यातून वकिलातीचा खर्च भागला, अमेरिकन विद्यापीठांसाठी मराठी पुस्तकंसुद्धा घेतली गेली. शेवटी फेब्रुवारी 1974मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी त्या साचलेल्या रुपयांतून भारत सरकारच्या हाती 1,664 कोटींचा चेक ठेवला. गिनेस बुकात नोंद झाली त्याची.

गव्हाबरोबर लाल मिलो ज्वारीही यायची. आमची आजी म्हणायची, तिची भाकरी थापतानाच तुटायची. तुमच्याकडे कुणी खाल्लीय? कमेंटमध्ये सांगा.