बेथलेहेमला जाल तर नदीच्या दोन्ही बाजूंना जा

नमस्कार मंडळी! दिवाळीचा फराळ संपतोय न संपतोय तोवर ग्रुपवर "या वर्षी लाइट्स बघायला कुठे जायचं" सुरू झालंच. न्यूयॉर्कचं रॉकफेलर सेंटरचं ख्रिसमसचं झाड बहुतेकांचं बघून झालंय, म्हणून आज मी बेथलेहेमबद्दल बोलणार आहे, आपल्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातलं. आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून ७८ नंबरच्या हायवेने साधारण तासाभराचा रस्ता. आपल्यातले पुष्कळ जण तिथे जाऊन आलेत, पण होतं काय, ख्रिसमस मार्केटमध्ये शिरायचं, हॉट चॉकलेट प्यायचं, चार फोटो काढायचे की परत, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते, कारण तिथले दिवे कोणी आणि का लावले हे कळलं की ते गाव वेगळंच दिसायला लागतं.

गाव वसवलं मोरेव्हियन लोकांनी, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी. मूळचे आजच्या चेक देशातले, धर्मावरून छळ झाला म्हणून जर्मनीत हेर्नहूटला आसऱ्याला आले आणि तिथून जगभर गेले, अगदी आपल्या लेहपर्यंत, तिथलं मोरेव्हियन चर्च १८८५ पासूनचं आहे. १७४१ मध्ये त्यांनी लिहाय नदीजवळ ओंडक्यांचं घर बांधलं, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. त्यांना जर्मनीत आसरा देणारे काउंट झिन्झेनडॉर्फ त्या वर्षी ख्रिसमसच्या आदल्या रात्री तिथे होते, गाणी म्हणता म्हणता सगळे गोठ्याच्या बाजूला गेले आणि, येशूचा जन्म बेथलेहेमच्या गोठ्यातला म्हणून, गावाचं नाव बेथलेहेम ठरलं. नवख्या देशातला पहिलाच हिवाळा, आणि सण मात्र सोडला नाही. आपल्याला हे समजावून सांगायला नको.

तर संध्याकाळी अंधार पडला की चर्च स्ट्रीटवरून हळूहळू चाला. जाड दगडी भिंतींची जुनी घरं आणि खिडकीत एक मेणबत्ती, बस्स. आता ती विजेची असते, पण एका खिडकीत एकच. पुढे सेंट्रल मोरेव्हियन चर्च, १८०६ चं. ख्रिसमस ईव्हच्या प्रार्थनेत तिथे प्रत्येकाच्या हातात मधमाशीच्या मेणाची छोटी मेणबत्ती देतात, तिला खाली लाल कागदाची झालर, म्हणजे गरम मेण बोटांवर ओघळत नाही. ही पद्धत १७४७ ची, जर्मनीत त्यांच्या एका बिशपने लहान मुलांना अशा मेणबत्त्या वाटल्या तिथपासूनची. एक लहान मूल एकटं एक ओळ म्हणतं आणि अख्खं चर्च तीच ओळ त्याच्यामागून म्हणतं. मला तर भरून येतं.

पोर्चवर लटकणारा तारा मात्र नीट बघा आणि मुलांना टोकं मोजायला लावा. मोरेव्हियन स्टार सहसा २६ टोकांचा धरतात, १८ टोकं चौकोनी पायाची आणि ८ त्रिकोणी. १८३० च्या दशकात जर्मनीत नीस्कीच्या शाळेत भूमितीच्या तासाला मुलांनी हा कागदी तारा केला असं सांगतात, आणि ॲडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून ६ जानेवारीपर्यंत तो टांगलेला असतो. वसईत, गोव्यात नाताळात दारोदार तारे बघून मोठे झालेले आपल्यातही आहेतच. पुढच्या वर्षी आपल्या आकाशकंदील वर्कशॉपमध्ये हा करूया का? अवघड आहे, पण म्हणूनच मुलांना आवडेल.

आणि पुट्स चुकवू नका. पुट्स म्हणजे येशूजन्माचा देखावा, पण खरं शेवाळ, लाकडाच्या ढलप्या, छोटी माणसं, अगदी आपला दिवाळीतला किल्लाच, आणि दिवे एकेका कोपऱ्यावर पडत जातात तसतशी गोष्ट सांगतात.

आता नदीपलीकडे. बहुतेक लोक तिकडे जातच नाहीत! १९३७ मध्ये, मंदीच्या काळात, तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने बेथलेहेमला ख्रिसमस सिटी म्हणायला सुरुवात केली, गावभर दिवे लावले आणि साउथ माउंटनवर भलामोठा तारा उभा केला. उत्तरेला पांढरे दिवे आणि दक्षिणेला रंगीत, ही त्या गावाची रीत. दक्षिणेला बेथलेहेम स्टीलचे कामगार राहायचे, स्लोव्हाक, हंगेरियन, पोर्तुगीज, मेक्सिकन, पोर्तो रिकोचे, गोल्डन गेट ब्रिजचं पोलाद ह्यांच्याच कंपनीचं. १९९५ मध्ये इथल्या भट्ट्या थंडावल्या, पण त्या पाडल्या नाहीत, रात्री त्यांच्यावर रंगीत प्रकाश सोडतात आणि खाली उभं राहून मान वर केली की माणूस गप्पच होतो. मला विचाराल तर पांढऱ्या दिव्यांइतकाच हा भागही बघायलाच हवा.

हो, एक राहिलंच, २०२४ मध्ये हे मोरेव्हियन गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि तो निर्णय झाला कुठे, तर नवी दिल्लीतल्या बैठकीत!

जाताना शक्यतो वीकडे धरा, शनिवारी पार्किंगला फार वेळ जातो. पुट्सच्या वेळा ठरलेल्या असतात, आधी बघून निघा. जाड मोजे घाला, चालायचं बरंच आहे. आणि ज्येष्ठ मंडळींपैकी कोणाला यायचंय पण रात्री गाडी चालवायची नाही, त्यांनी आजच मला येऊन सांगा, आमच्या गाडीत जागा आहे आणि कमी पडली तर दुसरी गाडी काढू.