पिकअपवर घर चढवताना
(इंदूरमधल्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सभागृहात शिरल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय, पाठीवर राहायची खोली, म्हणजे स्लाइड-इन कॅम्पर, वाहायला पिकअप कोणता घ्यावा? इथल्या बऱ्याच जणांच्या मनात नर्मदा परिक्रमा आहे, काहींच्या मनात पचमढी आणि सातपुडा, एका जोडप्याला तर थेट लडाख गाठायचंय. पण पिकअप ही या व्यवहारात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी घर ठरवायचं, मग त्या घराचं सामानसुमानासकट वजन काढायचं, आणि मग ते वजन पेलणारी गाडी शोधायची. आपल्याकडे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. शोरूममध्ये एक देखणी गाडी मनात भरते, ती घेतात आणि नंतर तिच्या पाठीवर काय बसेल ते बघतात.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्लाइड-इन कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायची खोली. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी सगळं त्या खोलीत. चार कोपऱ्यांना चार पाय असतात. पाय जॅकसारखे लांब करायचे, खोली उचलली जाते, खालून पिकअप पुढे काढून घ्यायचा. खोली अंगणात उभी राहते आणि पिकअप सोमवारी पुन्हा मालाला लागतो. मोटरहोममध्ये गाडी आणि घर कायमचे एकत्र असतात, कॅरव्हॅनमध्ये घर मागून ओढावं लागतं. इथे घर हा गाडीवर लादलेला माल आहे. 'माल' म्हणालो ते ध्यानात ठेवा, कारण मालाला जे नियम लागतात ते सगळे या खोलीला लागतात.

आता वजनाकडे वळतो. माझा बराच वेळ त्यातच जाणार आहे.

तुमच्या गाडीच्या आरसीत दोन आकडे असतात, अनलेडन वेट आणि लेडन वेट. पहिलं रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. दोघांतला फरक म्हणजे गाडी जे वाहू शकते ते. त्या फरकात तुम्ही येता, शेजारी बसलेल्या सौभाग्यवती येतात आणि दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटलीसुद्धा येते. अमेरिकेत तर दाराच्या चौकटीवर स्टिकरच लावलेला असतो, माणसं आणि सामान मिळून अमुक वजनाच्या पुढे कधीही जाऊ नये असा. तिथे हाफ टन, वन टन अशी पिकअपची जुनी नावं अजून चालतात, पण त्या नावांचा खऱ्या क्षमतेशी फारसा संबंध उरलेला नाही. जाणकार माणूस नाव सोडतो आणि स्टिकर वाचतो.

आपल्याकडचा बाजार बघा. टाटाने 2022 मध्ये आणलेला योद्धा 2.0 दोन टनांपर्यंत माल घेतो. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये 1.7 टनांचं मॉडेल आहे. आणि आपण ज्या गाड्यांची छायाचित्रं मोबाइलवर साठवतो, ती टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस, त्यांची आपल्याकडची वहनक्षमता पाचशे किलोच्या आत आहे. या गाड्या उत्तम आहेत. चार माणसांना आरामात घेऊन चिखल, वाळू, नदीनाले ओलांडायला त्या बनवल्या आहेत. पाठीवर खोली वाहणं हे त्यांचं मुख्य काम नाही.

खोलीचा हिशोब मांडू. समजा ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि सँडविच पॅनेलच्या भिंती वापरून एक नेटकी खोली बांधली आणि ती रिकामी 450 किलो भरली. विकणारा तुम्हाला हाच आकडा सांगणार. आता तिच्यात 80 लिटर पाणी भरा, ते 80 किलो. बॅटरी आणि इन्व्हर्टर 35. लहान सिलिंडर आणि शेगडी 20. गाद्या, पांघरुणं, कपडे 40. भांडी आणि किराणा 40, आपली मंडळी याहून कमी नेत नाहीत. चार पाय आणि बाजूचा मांडव 50. पुढे केबिनमध्ये दोन माणसं, 140 धरू. बेरीज 855 किलो होते. साडेचारशेचं घर रस्त्यावर येईपर्यंत जवळजवळ दुप्पट झालं, आणि यात वातानुकूलन यंत्र, शौचालय, सायकली काहीच धरलेलं नाही. म्हणून खरेदी करताना रिकामं वजन विचारू नका, पाणी भरून, सामान लावून, प्रवासाला निघालेल्या खोलीचं वजन विचारा. ते सांगता येत नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

आकडे कागदावर ठेवून भागत नाही. देवास नाक्याकडे जा, ट्रान्सपोर्टवाल्यांचा धर्मकाटा शोधा, थोड्याशा पैशांत पावती मिळते. पूर्ण भरलेली गाडी एकदा सगळी काट्यावर घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला, मग फक्त मागची. पुढच्या-मागच्या धुऱ्यावर, म्हणजे ॲक्सलवर, वेगवेगळा किती भार आहे हे कळल्याशिवाय एकूण वजन कळून अर्धंच काम होतं.

कारण भार कुठे बसलाय हे भार किती आहे याच्या इतकंच महत्त्वाचं आहे. माळव्यातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बैलगाडीत माल चाकामागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पिकअपचंही तेच होतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. समजा पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 3 मीटर आहे, खोली 900 किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य मागच्या धुऱ्याच्या 30 सेंटीमीटर मागे पडला. मागच्या धुऱ्यावर 900 नाही, 990 किलो येतात आणि पुढचा धुरा 90 किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, ब्रेकचं मोठं काम पुढच्या चाकांवर, आणि तीच चाकं जमिनीवरची पकड सैल करतात. ओल्या वळणावर गाडी सरळ निघून जाते ती अशी. गुरुत्वमध्य धुऱ्याच्या बरोबर वर किंवा थोडा पुढे हवा. अमेरिकेत पिकअप बनवणाऱ्याला हे लेखी द्यावं लागतं. कॅम्पर किती वजनाचा चालेल आणि त्याचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत असावा, दोन्ही गोष्टी पुस्तिकेत छापतात. आपल्या पुस्तिकांत ते नसतं, म्हणून आपण मोजायचं.

मोजणं अवघड नाही. खोली तिच्या पायांवर उभी असताना पुढच्या दोन पायांखालचं आणि मागच्या दोन पायांखालचं वजन घ्या. समजा पुढे 540 आणि मागे 360 आलं, आणि पायांमधलं अंतर 2.4 मीटर आहे. 360 ला 900 ने भागून 2.4 ने गुणा, 0.96 येतात. म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या पायांपासून 96 सेंटीमीटर मागे. आता टेप घेऊन हौद्यात बघा, ती जागा धुऱ्याच्या पुढे पडते का मागे. पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढे, जमिनीलगत ठेवली तर बाजू बरीच सुधारते. जड वस्तू छताजवळच्या कपाटांत नकोतच.

डबल केबिनचा पिकअप घ्यावा का, हा प्रश्न इथेच सुटतो. चार दारांच्या पिकअपचा हौदा लांबीला दीड मीटरच्या आसपास असतो. त्यात माणूस आडवा झोपेल एवढी खोली बसवली की ती मागे लोंबते आणि गुरुत्वमध्यही मागे नेते. एका केबिनच्या लांब हौद्यात धुऱ्याच्या पुढे भरपूर जागा असते. मुलं बरोबर येणार म्हणून डबल केबिन हवी असेल तर खोली लहान आणि हलकी घ्या, कापडी बाजूंची, वर उघडणाऱ्या छताची. चालत्या गाडीत मुलं मागे खोलीत बसतील हा विचार मनातून काढून टाका. ते बेकायदेशीर तर आहेच, पण मागे सीटबेल्ट नाही, एअरबॅग नाही, ओटा आणि भांडी मात्र आहेत.

जास्त भारावर आपल्याकडे एक ठरलेला तोडगा आहे. गॅरेजात जायचं आणि म्हणायचं, मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवून दे. पाटा वाढवला की गाडी भाराने खाली बसत नाही, म्हणून माणसाला वाटतं क्षमता वाढली. क्षमता काडीभरही वाढलेली नसते. ब्रेक तेच, बेअरिंग तेच, धुरा तोच, टायर तेच. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या धुऱ्याला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही. गाडी भाराने किती खाली बसली हे त्याच्या दांड्याला कळतं, आणि त्यानुसार तो मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी बसली की जास्त, वर असली की कमी, म्हणजे रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होत नाहीत. तुम्ही पाटा वाढवलात, गाडी वर उचलली गेली, आणि व्हॉल्व्हला वाटलं गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचे मागचे ब्रेक मिळाले. पाट्यांचं कोणतंही काम केलंत तर हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घ्या, आणि ते काम कोणी करून देत नसेल तर पाट्यांना हात लावू देऊ नका. मी हे इतक्या आग्रहाने सांगतोय कारण आपण सगळे विंध्याच्या माथ्यावर राहतो. इंदुराहून दक्षिणेला जायचं म्हणजे घाट उतरणं आलंच. खंडव्याकडे भेरूघाट, महूहून मंडलेश्वराकडे जामगेटचा उतार, आणि राऊ-खलघाट रस्त्यावरचा गणपती घाट, जिथे उतारावर ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांनी इतके बळी घेतले की सरकारला दुसरा वळणरस्ता काढावा लागला. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायचा नाही, तापलेला ड्रम धरत नाही.

टायरच्या बाजूवर मापानंतर एक अंक असतो, तो भारांक. 100 म्हणजे एक टायर 800 किलो घेतो, 104 म्हणजे 900, 112 म्हणजे 1120. मागच्या धुऱ्याची काट्यावरची पावती आणि दोन टायरांची बेरीज शेजारी ठेवून बघा. हवा भारासाठी सांगितलेली भरा, रोजची नको.

बांधणी. खोली हौद्याच्या पत्र्याला बांधू नका, पत्रा फाटतो. चारही ताण, म्हणजे फिरवून घट्ट करायचे टर्नबकल, चेसिसला जोडलेल्या पक्क्या आकड्यांतून यावेत. एका बाजूला स्प्रिंग असलेले टर्नबकल मिळाले तर उत्तम, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर चेसिस पिळते आणि खोली पिळत नाही, तो फरक स्प्रिंग सोसते. खाली जाड रबरी चटई घाला, नाहीतर गुळगुळीत पत्र्यावर खोली सरकते. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून चारही ताण पुन्हा तपासायचे.

आतल्या सोयींवर मी फार बोलणार नाही, त्या ज्याच्या त्याच्या आवडीच्या. फक्त गॅसचा कप्पा बाहेरून उघडणारा हवा आणि त्याच्या तळाशी झरोका हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. थंडीत आत शेगडी पेटवून झोपायचं नाही.

कागदपत्रांबद्दल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून खोली सुटी राहू द्या, गाडीला वेल्डिंग करू नका, हौदा कापू नका, आणि पैसे देण्याआधी आराखडा घेऊन आरटीओत जाऊन बोला. मागे लोंबणाऱ्या भागालाही मर्यादा आहे, चाकांमधल्या अंतराच्या 60 टक्क्यांपर्यंत. जास्त भाराचा दंड 2019 च्या दुरुस्तीत 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार असा केला गेला. विमा कंपनीलाही लेखी कळवा. कायमस्वरूपी मोटर कॅरव्हॅन हवी असेल तर तिच्यासाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे, आणि गाड्यांची चाचणी घेणारं नॅट्रॅक्स आपल्या पिथमपुरातच आहे. पण तो रस्ता बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांचा, एकट्या हौशी माणसाचा नाही.

मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलंय, परिक्रमेत खोली एखाद्या आश्रमात उतरवून ठेवून फक्त पिकअप घेऊन आतल्या गावात जाता येईल का? येईल, आणि या प्रकाराचा तो खरा फायदा आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. आपली माती काळी आहे. पावसात किंवा नुकत्याच भिजलेल्या शेतात पाय रुततात, आणि एक पाय रुतला की सगळी खोली कलते. प्रत्येक पायाखाली हातभर लांबीरुंदीची जाड फळी हवी, शक्यतो मुरमाची जागा बघा. दुसरं, उतरवण्याआधी पाण्याची टाकी रिकामी करा आणि चारही पाय थोडे थोडे, आळीपाळीने लांब करा. गाडी निघून गेल्यावर खोली पायांवर उंच ठेवू नका, जमिनीच्या जितकी जवळ आणता येईल तितकी खाली आणा. वाऱ्याला कमी सापडते आणि ताई, वयस्कर माणसांना चढायलाही सोपं जातं. आणि हो, काकांनी विचारलं ते अमरकंटकपर्यंतच्या रस्त्यांचं. दिंडोरीनंतर चढ आहेत, तेव्हा पाणी भरून न्यायची गरज नाही. नर्मदेकाठी पाणी मिळतं. टाकी चतुर्थांश ठेवा, साठ किलो वाचतील.